खडूच्या दोन रेघा

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, कापडातला. शिवणाच्या दुकानात जो माप घेतो आणि कात्री चालवतो त्याला मास्तर म्हणतात, आणि हा वयाच्या एकविसाव्या वर्षापासून मास्तर होता. आता सत्तेचाळीस. सख्खा थोरला भाऊसुद्धा त्याला नावाने हाक मारायची विसरून गेला होता.

दुकान वडिलांनी दोघा भावांना मिळून ठेवलेलं. दादा पुढे बसायचा, कापड दाखवायचा, गिऱ्हाइकाशी साखर पेरल्यासारखा बोलायचा. मास्तर आत लांब टेबलाशी उभा. शर्ट-पँट तो डावीकडे सरकवून ठेवायचा, कुणीही कापावी अशी. त्याचं खरं काम कोटाचं. माणूस दारातून आत येतानाच त्याला कळायचं की याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच उतरलाय किंवा हा पोट आत ओढून चालतोय. माप तो नंतर घ्यायचा, ते गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून.

त्या वर्षी दुकानाच्या शटरची स्प्रिंग गेली. वर ढकललं की शटर मध्येच अडकायचं, आणि मनात येईल तेव्हा धाडकन खाली यायचं. मास्तरने दोन महिन्यांत पाच-सहा वेळा तरी सांगितलं असेल.

"दादा, एखाद्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात बसेल हे."

"बघतो रे. माणूस येतो म्हणालाय."

माणूस काही आला नाही. दादाने एक लाकडी दांडकं आणलं आणि ते शटरखाली टेकवून ठेवायची पद्धत पडली. एका सकाळी उंबऱ्यावर अस्तराच्या कापडाचा गठ्ठा पडला होता तो उचलायला मास्तर वाकला, गठ्ठ्याचा धक्का दांडक्याला लागला आणि शटर त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर येऊन बसलं.

दुकानात तेव्हा एकच कारागीर होता. पन्नाशीचा, हडकुळा; सगळे त्याला टाचणी म्हणायचे. त्यानेच धावत येऊन शटर उचललं, मास्तरला ओढून आत घेतलं आणि दादाला फोन केला.

चार टाके पडले. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. स्कॅन झाला आणि डॉक्टर म्हणाले, "आत काही नाही. नशीबवान आहात." दादा खाटेच्या पायथ्याशी उभा होता, त्याने रुमालाने डोळे टिपले. त्याच दुपारी त्याने माणूस बोलावून शटरची स्प्रिंग बदलून घेतली. बायकोने हे सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाला, "चला, एकदाचं झालं ते काम." तेव्हा त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही.

तीन आठवडे तो घरी होता. चहा ओतताना धार कपाच्या शेजारी पडायची. जिना उतरताना शेवटची पायरी नसायची तिथे तो पाय टाकायचा. पेपर उघडला की एक ओळ वाचून खालच्या ओळीवर जायचं तर नजर पुन्हा त्याच ओळीवर यायची, आणि पाच-सात ओळींत अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायची. मग भुवईच्या मागे ठणका. बायको म्हणाली, अशक्तपणा आहे. तोही म्हणाला, असेल.

मग तो कामावर गेला.

पहिल्याच दिवशी करड्या कापडावर त्याने पाठीची रेघ मारली आणि कात्री घेऊन वाकला, तर रेघा दोन. दोन्ही सारख्याच पांढऱ्या, सारख्याच ठळक, मध्ये दोन बोटांचं अंतर. त्याने डोळे चोळले. पुन्हा दोन. सरळ उभा राहिला तर हळूहळू एक झाली, वाकला तर पुन्हा दोन. सव्वीस वर्षांत रेघ कुठली खरी हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्याने उजवी धरली आणि कापलं. चुकीची होती.

"होतं रे कधीकधी," दादा म्हणाला.

त्याच आठवड्यात एका कोटाच्या दोन बाह्या दोन वेगळ्या माणसांच्या निघाल्या. पुढच्या आठवड्यात चौकड्यांचं कापड टेबलावर पसरलं तर चौकड्या सरकायला लागल्या. मास्तर मोरीत जाऊन ओकून आला. आता दादा "होतं कधीकधी" म्हणेनासा झाला. तो म्हणाला, "डोळे दाखवून ये."

चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने मास्तरला खुर्चीत बसवलं, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. समोरच्या पाटीवरची शेवटची बारीक ओळ मास्तरने दोन्ही वेळेला घडाघडा वाचून दाखवली. "उत्तम," तो माणूस म्हणाला. "वाचायला लागेल एक साधा चष्मा, तो या वयात सगळ्यांनाच लागतो. बाकी तरुणाला लाजवतील असे डोळे आहेत."

दादाने हे ऐकलं आणि विचारलं, "डोकं ठणठणीत, डोळे ठणठणीत. मग बिघडलंय काय?"

त्या प्रश्नात काळजी किती आणि दुसरं काही किती, हे मास्तरला त्या दिवशी नीट कळलं नाही.

त्याला स्वतःलाच एक तोडगा सापडला. डावा डोळा मिटला की रेघ एकच राहायची. मग तो एक डोळा मिटून कापू लागला. एका डोळ्याने कात्री नक्की कुठे टेकते ते कळायचं नाही, म्हणून आधी बोटाने चाचपायचा आणि मग कापायचा. पूर्वी अर्ध्या तासात व्हायचं त्याला दोन तास लागू लागले. पण कापड वाया जायचं थांबलं. टाचणी एकदा म्हणाला, "काय मास्तर, बंदूक चालवताय का?" दोघेही हसले. त्यानंतर त्या दुकानात मास्तर हसल्याचं कुणाला आठवत नाही.

कारण त्याच आठवड्यात वकीलबाई आल्या. जुन्या गिऱ्हाईक, कोर्टातला काळा कोट दर दोन वर्षांनी इथेच शिवायच्या. बाई पन्नाशीच्या, करारी, हसण्यावारी काही न नेणाऱ्या. मास्तर गळ्याचं माप घेत होता. गळ्याचं माप म्हणजे टेपवरचा आकडा माणसाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर वाचायचा. मास्तरला आकडे दोन दोन दिसले. त्याने डावा डोळा मिटला, पाहिलं, उघडला. खात्री होईना. पुन्हा मिटला.

वकीलबाई एक पाऊल मागे सरकल्या.

"काय चाललंय हे?"

"माप घेतोय, बाई."

"डोळा मारताय तुम्ही मला?"

दुकानात तिघे-चौघे होते. सगळी मशीनं थांबली. मास्तरच्या हातात टेप तसाच लोंबत राहिला. सांगायचं होतं खूप, पण आधीच कानशिलं तापलेली, त्यात ठणका सुरू झालेला, तोंडातून एवढंच निघालं, "नाही, ते दोन दिसतं म्हणून."

"काय दोन दिसतं?"

तेवढ्यात दादा पुढून आला. हात जोडले. "बाई, मी माफी मागतो. त्याच्या मनात तसं काही नाही हो. डोक्याला मार लागल्यापासून याचं जरा..." आणि कानाजवळ बोट नेऊन त्याने ते गोल फिरवलं.

वकीलबाईंचा राग उतरला. त्या मास्तरकडे पाहत राहिल्या, आणि त्या पाहण्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं, असं मास्तरला झालं.

बाई गेल्यावर त्याने दादाला आत बोलावलं.

"तू असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? माझा भाऊ बायकांना डोळे मारतो?"

"मला जवळचं सगळं दोन दिसतं, दादा. म्हणून मिटतो डोळा."

"चष्मेवाला म्हणतो डोळे उत्तम आहेत."

"त्याने एकेक झाकून बघितले. एकेक उत्तमच आहेत. दोन्ही उघडले की होतं ते."

दादा टेबलावरचं कापड उगाच सरळ करत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला कळतं काय चाललंय ते. तुला मला शिक्षा द्यायचीय. शटर माझ्यामुळे पडलं हे रोज एकेक कोट खराब करून दाखवायचंय."

"मी शटरचं नाव तरी काढलं का कधी?"

"तोंडाने नाही काढलंस."

पडल्या दिवसापासून मास्तरच्या मनात खरंच आलं नव्हतं की शटर दादामुळे पडलं. दादानेच ते त्याच्या मनात घातलं, आणि एकदा घातल्यावर ते निघेना.

"काही दिवस घरी राहा," दादा म्हणाला. "बरं वाटलं की ये."

पंधरा दिवसांत टेबलाशी दुसरा कटर उभा राहिला.

मास्तरची बायको घरी पाळणाघर चालवायची. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, नोकरीवाल्या आयांची सात मुलं. वकीलबाईंची भाची त्यांतल्याच एका मुलाची आई. महिना उलटायच्या आत एक आई म्हणाली, आमच्या सासूबाई राहायला आल्यात, आता मूल त्या सांभाळतील. दुसरी म्हणाली, ऑफिसजवळच सोय झाली. तिसरीने कारण दिलंच नाही. मुलाची दुधाची बाटली आणि चादर पिशवीत भरताना ती सारखी आतल्या खोलीकडे बघत होती. मास्तर आत भिंतीकडे तोंड करून पडला होता, उजेड सहन होत नव्हता म्हणून.

त्या संध्याकाळी बायको त्याच्यासमोर येऊन बसली.

"एक विचारते. खरं सांगा. डोळा मारलात?"

"तूही?"

"लोक विचारतात ते मी विचारतेय. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्याने सांगितलं. पहिल्या दिवसापासूनचं, रेघांचं, चौकड्यांचं, पेपरचं, टेपवरच्या आकड्यांचं. अर्धं तिला माहीत होतं आणि अर्धं माहीत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, उठली, विणायची सुई घेऊन आली आणि त्याच्या समोर हात लांब करून धरली.

"किती?"

"एक."

ती सुई हळूहळू नाकाकडे आणू लागली. "आता?"

"एक. थांब. दोन."

तिने सुई मागे नेली, पुन्हा आणली. चार वेळा, पाच वेळा. दर वेळी तो त्याच अंतरावर "दोन" म्हणाला. सहाव्या वेळी तिने सुईकडे बघायचं सोडून त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तिचा हात थांबला.

"अहो, तुमचा डावा डोळा निघून जातो."

"कुठे जातो?"

"बाहेर. उजवा सुईकडे बघतोय आणि डावा खिडकीकडे. मी पुन्हा आणते हं." तिने पुन्हा आणली. "गेला. बघा, पुन्हा गेला!" तिचा आवाज चढला होता. आनंद झाल्यासारखा. मग एकदम तिने सुई मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "पाच महिने रोज तुमच्यासमोर बसून जेवतेय मी. मला दिसलं नाही."

तिने चौकशी करकरून शोधून काढलं की मोठ्या सरकारी दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर, लांबच्या टोकाला, फक्त दोन डोळ्यांचा ताळमेळ तपासणाऱ्या एक बाई बसतात. खोली लहान. भिंतीवर लहान मुलांसाठी प्राण्यांची चित्रं. बाईंनी एका काडीवर चिकटवलेला तारा पुढे-मागे फिरवला, डोळ्यांपुढे काचा धरल्या, झाकलं, उघडलं, पुन्हा झाकलं. अर्ध्या तासात मास्तरच्या कपाळाला घाम फुटला.

"डोळे दोन्ही चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "पण जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळून एका जागी यावे लागतात. ते वळवणारी जी यंत्रणा डोक्यात असते तिला मार बसलाय. स्कॅनमध्ये हे दिसत नाही. पाटीवरची अक्षरं वाचून पण कळत नाही."

"म्हणजे मी नाटक करत नाहीये."

"कोण म्हणालं तुम्ही नाटक करता?"

त्या प्राण्यांच्या चित्रांखाली, लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसून तो रडला. बाईंनी ते अनेकदा बघितलेलं असावं. त्यांनी पाण्याचा पेला सरकवला आणि कागद भरत राहिल्या.

"पूर्ण बरं होईल?" बायकोने विचारलं.

"होतं बऱ्याच जणांचं. लवकर आला असतात तर बरं झालं असतं. आता किती होईल ते मी आत्ता सांगणार नाही."

मग व्यायाम सुरू झाले. एक दोरी, तीत तीन रंगांचे तीन मणी. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाला टेकवलेलं. लांबच्या मण्याकडे बघायचं, मग मधल्या, मग जवळच्या. मणी एक दिसायला हवा आणि दोरीच्या दोन दोऱ्या होऊन नेमक्या त्या मण्यात फुली पडायला हवी. लांबचा मणी आठवड्यात जमला. मधल्याला दोन महिने गेले. जवळच्या मण्यापाशी मास्तर रोज हरायचा. फुली मण्याच्या मागेच पडायची आणि मणी दोन. पाळणाघरात उरलेली चार मुलं त्याच्या भोवती बसून "आजोबा मासे पकडतात" म्हणायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी आजोबा. चष्म्यालाही एका खास तऱ्हेची जाड काच बसवली.

सहा महिन्यांनी तो वीस मिनिटं वाचू शकत होता. चहा कपात पडत होता. जिना सरळ झाला होता. वीस मिनिटांनंतर मात्र डावा डोळा आपल्या वाटेने निघून जायचा, आणि बाई म्हणाल्या, यापुढे वाढलं तर थोडंथोडंच वाढेल.

बाईंकडून त्याने सगळं लिहून घेतलं, शिक्क्यासकट, आणि तो कागद घेऊन दुकानात गेला. शटर पूर्ण वर होतं. टेबलाशी नवा कटर होता, तिशीचा, नम्र. मास्तरला बघून बाजूला झाला. त्याच्या हातात वडिलांची मोठी कात्री होती, जी गेली सव्वीस वर्षं मास्तरशिवाय कुणी उचलली नव्हती.

दादाने कागद वाचला, घडी घातली. "बरं झालं. निदान झालं ते महत्त्वाचं."

"दादा, मला एवढंच हवंय. वकीलबाईंना फोन कर. सांग की हा डोळ्यांचा आजार आहे, वेड नव्हे. माझ्या बायकोकडची मुलं गेलीत त्या बोलण्याने. आणि सांग की शटरमुळे झालं."

"शटर कशाला मध्ये आणतोस?"

"मध्ये नाही, डोक्यावर आलं ते."

"तू चक्कर येऊन उंबऱ्यावर पडलास."

मास्तरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. दादा मात्र शांतपणे बोलत होता, आणि त्या शांतपणावरून कळत होतं की हे वाक्य त्याने आधी पुष्कळ वेळा, पुष्कळ लोकांना म्हटलेलं आहे. कदाचित आता त्याचा त्यावर विश्वासही बसला होता.

"शटरला काय झालंय?" दादा उठला, दारापाशी गेला आणि बोटाने शटर खालीवर करून दाखवलं. "हे बघ. लोण्यासारखं चालतं."

मास्तर टाचणीकडे वळला. "तू उचललंस ना ते माझ्यावरून?"

टाचणी मशीनच्या सुईत दोरा ओवत होता. दोरा ओवून झाला होता तरी ओवत होता. "मी आलो तेव्हा तुम्ही खाली होतात, मास्तर. आधीचं मी नाही बघितलं."

त्याच्या घरी दोन लग्नाच्या मुली होत्या आणि दुसऱ्या दुकानात पन्नाशीच्या कारागिराला कुणी उभं करत नव्हतं. मास्तरला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याने कात्रीकडे हात केला. "ही तरी नेऊ?"

"दुकानाची आहे ती," दादा म्हणाला. नव्या कटरने खाली मान घातली.

मास्तरला पुढे दवाखान्यातच काम मिळालं. मणी-दोरीवाल्या बाईंनीच शब्द टाकला. तळमजल्यावर कपड्यांची खोली होती. खाटांच्या चादरी, ऑपरेशनची हिरवी कापडं, रुग्णांचे नाड्यांचे अंगरखे तिथे कापले आणि शिवले जायचे. चौकोन कापायचा, कडा दुमडायच्या, टीप मारायची. वीस मिनिटं कापायचं, दहा मिनिटं लांब बघत घड्या घालायच्या. काम वाईट नव्हतं. तिथले लोकही त्याला मास्तर म्हणू लागले, पण चौकोन कापणाऱ्याला मास्तर म्हटलं की त्याला दर वेळी कुणी टोचल्यासारखं व्हायचं.

भावाभावांत बोलणं बंद होतं. त्याला वर्ष झालं. एका रविवारी दुपारी दादा घरी आला. हातात कापडाचं पुडकं. बायकोने पाणी दिलं आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, आत गेली नाही.

दादा थकलेला दिसत होता. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "पोराला परदेशात नोकरी लागली."

दादाचा एकुलता एक मुलगा. मास्तरच्या खांद्यावर बसून मोठा झालेला. मास्तरला मूलबाळ नसल्याने तर जास्तच.

"कळलं. चांगलं झालं."

"वीस दिवसांत जातोय. कोट हवाय त्याला. म्हणतो काकाच्या हातचाच हवा." दादाने पुडकं सोडलं. गडद निळं लोकरी कापड, जवळजवळ काळं. "नव्या कटरने शिवला एक. खांद्यात बसत नाही."

मास्तरने नकळत कापड बोटांत धरलं. भारी होतं. पोराच्या डाव्या खांद्याचं हाड लहानपणी झाडावरून पडून मोडलं होतं, ते जरा आत जुळलं होतं. तिथे आत भराव द्यावा लागतो आणि बाही थोडी पुढे फिरवून बसवावी लागते. मास्तरला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि त्याला हेही माहीत होतं की महिन्यापूर्वीच, बायको बाजारात गेली असताना, त्याने जुन्या कापडावर एक कोट कापून बघितला होता. तीन दिवस, वीसवीस मिनिटं. कॉलरचे दोन भाग बोटभर लहानमोठे निघाले. त्याने ते तुकडे करून पायपुसण्यात शिवून टाकले.

"मी नाही कापणार," तो म्हणाला.

"वीस दिवस आहेत. सावकाश काप."

"नाही."

"एवढा राग?"

दादाचा चेहरा लाल झाला, मग उतरला. मग तो घाईघाईने, अंगावरून काही झटकून टाकावं तसं बोलला.

"स्प्रिंग गेली होती शटरची. तू सांगत होतास. मी ऐकलं नाही. चक्कर-बिक्कर काही आली नव्हती तुला. झालं? हेच ऐकायचं होतं ना? आता तरी काप."

दीड वर्ष मास्तर याच वाक्यासाठी जागा होता. मनातल्या मनात त्याने ते दादाच्या तोंडी किती वेळा घातलं असेल. आणि आता ते आलं होतं, एका कोटाच्या बदल्यात, आणि तो कोट त्याच्या हातून होणार नव्हता.

"उशीर झाला, दादा," तो म्हणाला. "घेऊन जा कापड."

दादा उठला. पुडकं नीट बांधताही आलं नाही त्याला. दारातून बाहेर पडताना म्हणाला, "मी चुकलो असेन. पण तुझ्याइतकं काळीज दगडाचं नाही माझं."

त्याची पावलं जिन्यावरून खाली गेल्यावर बायको समोर येऊन बसली.

"जमत नाही म्हणून का नाही सांगितलंत? खरं तेच होतं की."

"जमत नाही म्हटलं असतं तर तो रडला असता."

"रडू दे की. रडायलाच हवं त्याने."

"मग मला त्याची समजूत काढावी लागली असती," मास्तर म्हणाला. "तेवढं नाही होत माझ्याच्याने."

पोराने तयार कोट विकत घेतला. जाताना सगळ्या नातेवाइकांना भेटून गेला, काकाकडे आला नाही. दादाने चारचौघांत सांगितलं की मी पाय धरायचे बाकी ठेवले, पण धाकट्याने पुतण्यासाठीसुद्धा कात्री उचलली नाही. आणि या खेपेला तो खोटं बोलत नव्हता. ऐकणाऱ्यांनी मास्तरलाच नावं ठेवली. पाळणाघरात मुलं चारच राहिली.

विमान सुटलं त्या दिवशी मास्तर कामावर होता. लहान मुलांच्या विभागाला साठ चादरी हव्या होत्या. दुपारपर्यंत बावीस झाल्या.